बिनफवारणीचा नाकतोडा

माझ्या नवऱ्याला बाजारातून रिकाम्या हाताने येता येत नाही. जळगावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारेत बोटं घालून बसलेला हा माणूस संध्याकाळी घरी येताना काही ना काही उचलून आणतोच. कधी बंद पडलेला पंखा, कधी कुणाच्या भंगारातलं घड्याळ. त्या दिवशी त्याने ओट्यावर, माझ्या पोळपाटाशेजारी, झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा ठेवला आणि म्हणाला, "बघ तर खरं."

मी बघितलं. ओल्या भुशात अर्धा रुतलेला, हिरवा, पाठीवर तपकिरी नक्षी, डोळ्यांवर शिंगांसारखी टोकं. आणि तोंड एवढं रुंद, की बाकीचं अंग त्या तोंडाला नंतर जोडलंय असं वाटावं. बेडूक.

"कणकेशेजारी?" मी म्हटलं.

"परदेशी आहे. दक्षिण अमेरिकेतला. माशांच्या दुकानात होता. शेवटचा उरला होता."

"खातो काय?"

"काहीही खातो म्हणाला दुकानदार. कोंबडीचा खिमा टाकायचा, बस. काही त्रास नाही म्हणे."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांना मी विचारते, काल काय खाल्लं. निम्मी माणसं सांगतात, "काही नाही हो, नेहमीचंच." त्या नेहमीच्यात काय काय असतं ते नंतर मला त्यांच्या रक्तात दिसतं. त्यामुळे 'काहीही खातो' हे शब्द माझ्या कानाला तेव्हाच खटकले. पण बेडूक नवऱ्याचा आणि खिमाही नवऱ्याचा. मी पोळी उलटली.

नवरा रोज त्याला चिमट्याने खिम्याची गोळी द्यायचा. बेडूक झडप घालायचा. ती झडप बघायला नवऱ्याचे मित्र यायचे, शेजारचे यायचे, आणि आलेल्या प्रत्येकाला ती पुन्हा बघायची असायची. म्हणजे आणखी एक गोळी. कुणी चीजचा तुकडा दिला, कुणी पनीर, एका गृहस्थांनी तर उकडलेल्या अंड्याचा बलक भरवून फोटो काढला. बेडूक फुगत गेला. लोक म्हणायचे, "वा, तब्येत धरली!" आमच्याकडे माणसाचं पोट सुटलं तरी हेच म्हणतात.

मग एक दिवस तो झडप घालायला गेला आणि चुकला. पुन्हा गेला, पुन्हा चुकला. मी चष्मा लावून जवळून बघितलं. त्याचा खालचा जबडा एका बाजूने लोंबत होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मागच्या पायाची बोटं आपोआप थरथरत होती. नवरा म्हणाला, "थंडी वाजत असेल." मी म्हटलं, "अहो, याची हाडं मऊ पडलीत. कॅल्शियम नाही याच्या अंगात."

आणि तिथून तो बेडूक माझा झाला.

पहिल्यांदा मी गेले एका प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. गायी-म्हशी आणि कुत्री बघतात, चांगले डॉक्टर आहेत, पण डबा उघडल्यावर ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "ताई, याला औषध कशाला? नाल्यात सोडून द्या, आपोआप बरा होईल."

"हा इथला नाही हो. आपल्या ओढ्यातले बेडूक खाऊन टाकेल, नाहीतर स्वतः मरेल. आणि याचा एखादा रोग आपल्याकडच्या बेडकांना लागला म्हणजे?"

"मग ठेवा," ते म्हणाले, आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

दुसऱ्यांदा गेले त्या माशांच्या दुकानात. दुकानदाराने जबडा बघितलाच नाही. "मॅडम, मी मासे विकतो. डॉक्टर नाही मी."

"पण बेडूक विकलात ना? काहीही खातो असं सांगून विकलात."

"खातो की नाही? खिमा टाकला तर खाल्ला ना त्याने?"

खाल्ला म्हणजे चांगला! मग माझ्या लॅबमध्ये येणारे सगळेच ठणठणीत म्हणायचे, कारण तेही मिळेल ते खातातच. तो माणूस माझ्यासमोरच माशांच्या टाकीत दाणे टाकत होता आणि गुणगुणत होता. जिवंत प्राणी विकायचा, आणि तो कशावर जगतो हे माहीत करून घ्यायची गरज नाही. मिक्सर घेतला तरी सोबत एक पुस्तिका मिळते. मी दुकानातून बाहेर आले. घरी जाईपर्यंत त्याला काय काय बोलायला हवं होतं ते सगळं मनात बोलून झालं.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून पुण्याच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर मिळाला. त्या पोपट, कासवं, सरडे असलेच रुग्ण बघतात. त्यांनी व्हिडिओवर जबडा बघितला, पोट बघितलं आणि मला झापलं. "ताई, नुसता खिमा म्हणजे नुसतं मांस. त्यात कॅल्शियम कुठून येणार? यांना अख्खा किडा लागतो. रातकिडे, गांडुळं, नाकतोडे, बदलून बदलून. किडा द्यायच्या आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचा. आणि मोठ्या बेडकाला रोज खायला घालायचं नाही. आठवड्यातून एक-दोनदा, पोट बघून. पनीर कुणी दिलं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

"आणि आणखी एक," बाई म्हणाल्या. "किडे आणाल ते फवारणी नसलेल्या जागेचे आणा. बेडकाची कातडी फार नाजूक. पाणीसुद्धा क्लोरीन गेलेलं द्यायचं. विषारी किडा खाल्ला तर वाचवणं अवघड."

हे मी ऐकलं, लिहूनही घेतलं. त्या वेळी मला वाटलं, या सगळ्यात अवघड काम म्हणजे किडा कॅल्शियममध्ये घोळवणं.

पुण्याहून रातकिडे कुरिअरने मागवले. खोक्यात हवेसाठी जाळी होती, बटाट्याचे काप होते, सगळं नीट होतं. पण मालट्रकमधून जळगावला पोचेपर्यंत आतले सगळे उलटे पडलेले. पुन्हा मागवले, पुन्हा तेच. घरातली झुरळं देता येत नव्हती, कारण आमच्या इमारतीत दर काही महिन्यांनी औषध मारतात. गांडुळांचं मात्र जमलं. लॅबमधल्या एका सहकाऱ्याचं घर जामनेरला आहे, तिथे त्याचा भाऊ गांडूळखत करतो. त्याने डबा भरून मातीसकट गांडुळं आणून दिली. बाकीचे लोक चहा पिताना विचारायचे, "काय मॅडम, आज बेडकाचा डबा कुणी आणला?" एकजण म्हणाला, "माणसांना कॅल्शियम मिळेना आणि तुम्ही बेडकाला देताय." मी म्हटलं, "माणसाला मिळत नाही त्याला बेडूक जबाबदार आहे का?" पण त्यांचं हसू काही थांबलं नाही.

हसू देत. गांडूळ आणि पावडर यांनी जबडा हळूहळू घट्ट झाला. थोडा वाकडा राहिला तो राहिलाच, पण झडप पुन्हा बसू लागली. पोट आत गेलं. डॉक्टरबाई व्हिडिओवर बघून म्हणाल्या, "छान. आता नुसत्या गांडुळांवर ठेवू नका. नाकतोडे मिळतील का तुमच्याकडे?"

नाकतोडे! खानदेशात नाकतोड्यांना काय तोटा? माझी अक्का शिंदखेडा तालुक्यात दिली आहे. दाजींची शेती चांगली, विहिरीला पाणी, कपाशी आणि दोन एकर वांगी. दारात नवा ट्रॅक्टर. मी अक्काला फोन केला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने निघाले.

नरडाणा स्टेशनवर दाजी मोटरसायकल घेऊन आले होते. मी जाळी आणि भोकं पाडलेली बरणी दाखवल्यावर ते थक्क झाले. "काय करशात नाकतोडासनं?"

"बेडकाला घालायचेत."

दाजी मोठ्याने हसले. मग गाडीवर अर्धा रस्ता हसत होते. गावात शिरल्यावर पारावरच्या माणसांनाही त्यांनी गाडी न थांबवता ओरडून सांगितलं, की आमच्या पाहुण्या नाकतोडे धराले येल शेत.

मी शेताच्या बांधावर उभी राहून त्यांना सरळ विचारलं. "दाजी, इथे फवारलंय का? मला खरं सांगा. डॉक्टरबाईंनी बजावलंय."

"फवारेल नही शे. बिनधास्त धरा."

अक्का आणि मी दुपारपर्यंत नाकतोडे धरत होतो. अक्का माझ्यापेक्षा मोठी, गुडघे दुखतात तिचे, पण पदर खोचून ती गवतात अशी वाकली की जणू शाळेत निघालोय आणि वाटेत खेळ चाललाय. मी जाळी मारायची, ती हातानेच पकडायची. तिच्या मुठीतून एक निसटून तिच्या ब्लाउजमध्ये गेला तेव्हा ती किंचाळली आणि मग आम्ही दोघी बांधावर बसून हसलो. कितीतरी वर्षांत आम्ही दोघींनी मिळून असं काही केलं नव्हतं. लग्नकार्यात भेटतो, पण तेव्हा ती चुलीपाशी आणि मी पाहुण्यांत.

दुपारी भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. मी इतकं खाल्लं की दाजी म्हणाले, "आते बेडूकना डाएट तुम्हीनच करा." संध्याकाळच्या गाडीने मी परत आले, मांडीवर बरणी घेऊन. बरणीत नाकतोडे टकटक आपटत होते. समोरच्या बाकावरच्या बाई सारखं विचारत होत्या, काय आहे, काय आहे. मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधून आल्यावर मी एक टपोरा नाकतोडा पावडरीत घोळवून दिला. एकदम झडप. दुसरा दिला. तोही गेला. नवरा जेवायला आला होता, म्हणाला, "बघ, किती खूश आहे." आम्ही जेवायला बसलो.

ताटं उचलताना मला डब्यातून थपथप आवाज आला. बेडूक पाठीवर पडला होता. चारही पाय ताठ, मग सैल, मग पुन्हा ताठ. अंगातून पांढरा चिकट फेस सुटला होता. तोंड उघडं, आणि त्या वाकड्या जबड्यातून नाकतोड्याचा पाय बाहेर आलेला.

डॉक्टरबाईंनी फोन लगेच उचलला. "धुवा त्याला. साठवलेलं पाणी आहे ना? सतत ओतत राहा, पाणी बदलत राहा. तोंडातलं हलक्या हाताने काढा. काय फवारलं होतं तिथे?"

"काहीच नाही म्हणाले."

"फवारलं होतं, ताई. विचारा. औषधाचं नाव कळलं तर मला काहीतरी सांगता येईल."

नवरा परातीत बेडकाला धरून तांब्याने पाणी ओतत होता. मी दाजींना फोन लावला.

"दाजी, बेडूक मरायला टेकलाय. खरं सांगा, फवारलं होतं ना?"

"थोडंसं. वांगासवर. तुम्हीन तं बांधवर धरेल व्हतात."

"काय मारलंय? बाटलीवर नाव काय आहे?"

"नाव?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "दुकानदारनी जे दिधं ते मारं. दोन-तीन बाटल्यासनं एकत्र करी दिधं त्यानी."

म्हणजे ज्याने मारलं त्यालाही माहीत नाही काय मारलं. आणि ज्याने दिलं त्याने काय दिलं ते त्यालाच ठाऊक. माझा आवाज चढला. "मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, दाजी! बांधावर उभं राहून विचारलं होतं!"

"अहो, पण एका बेडूकसाठे..." मग त्यांचाही आवाज चढला. "आम्हीन बठ्ठा आठेच राहतस, याच वावरमा. आम्हले काय व्हयनं?"

"म्हणजे कालचं भरीतसुद्धा..."

"ते नही," दाजी लगेच म्हणाले, जणू मी त्यांच्या पाहुणचारालाच नाव ठेवलं होतं. "ते घरनी सरीनं व्हतं. घरनी सरी न्यारी शे. विहीरपाशी. तिले आम्हीन औषध लावतस नही."

घरची सरी वेगळी. घरात खायची वांगी वेगळ्या सरीत, आणि त्या सरीला औषध लागत नाही. का लागत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ती वेगळी होती.

"आणि उरलेली वांगी? ती कुठे जातात?"

"बाजारमा जातस."

"कुठल्या बाजारात?"

मला उत्तर नको होतं. त्यांच्याकडचे क्रेट टेम्पोतून कुठे जातात हे मला माहीत होतं. आमच्या घरामागच्या भाजीबाजारात बाई ओरडते, "शिंदखेड्याची वांगी, शिंदखेड्याची!" आणि मी कौतुकाने थांबते, की आमच्या अक्काकडची.

"तुम्ही विष विकता लोकांना," मी म्हटलं. "स्वतः खात नाही आणि आम्हाला विकता."

"मंग काय करू?" दाजी ओरडले. "तुम्हले जळगावमा किडेल वांगं चालस का? एक भोक दिसनं तं व्यापारी क्रेट परत फेकस. चकचकीत पाहिजे तुम्हले! आन मंग आम्हले विष विकतस म्हनतस!"

फोन बंद झाला. मी परातीपाशी येऊन बसले. मला दाजींचा इतका राग आला होता की रडूही येईना. बाजार असा झालाय म्हणून दाजी तसे, आणि दाजी तसे म्हणून बाजार असा. या गोल रिंगणात नेमका कुणाचा गळा धरायचा? ज्याला विचारावं तो शेजारच्याकडे बोट दाखवतो. माशांच्या दुकानदारालाही तेच वाटत होतं, औषधाच्या दुकानदारालाही तेच वाटत असणार. खाणाऱ्याला काय जातंय पोटात, हे बघणं कुणाचंच काम नाही.

बेडूक वाचला. नवरा त्या दिवशी दुकानात परत गेलाच नाही. दिवे लागेपर्यंत पाणी ओतत बसला. तांब्याच्या तारेने कडक झालेले त्याचे ते हात, आणि त्या हातांत तो लिबलिबीत जीव. मध्येच म्हणाला, "मी आणायलाच नको होता." मी म्हटलं, "ओता पाणी." संध्याकाळी बेडकाने पापणी हलवली आणि स्वतःहून पालथा झाला.

अक्काचा फोन दुसऱ्या दिवशी येईल असं वाटलं. आला नाही. मी केला, तर भाच्याने उचलला आणि "मम्मी कामात आहे" म्हणाला. एका बेडकासाठी मी तिच्या नवऱ्याला विष विकणारा म्हटलं होतं. गावात हे पसरलं असणारच. पारावरच्या माणसांना नाकतोड्यांची हकिगत आधीच ठाऊक होती.

आता कुणाकडून काही आणायचं नाही असं मी ठरवलं. रातकिडे स्वतः पाळायचे. डॉक्टरबाईंकडून समजून घेतलं. गच्चीवरच्या खोलीत एक खोल प्लास्टिकचा क्रेट, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, ओला कापूस, अंडी घालायला ओल्या मातीची वाटी. पुण्याला आमचे एक नातेवाईक गेले होते, त्यांच्या हाती थोडे जिवंत रातकिडे आले. ते वाढले, त्यांना पिल्लं झाली, मुंगीएवढी. गच्चीच्या खोलीतून किरकिर ऐकू येऊ लागली. मी फार खूश होते. रातकिड्यांना गव्हाचा कोंडा घालायचे, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की किडा जे खातो तेच शेवटी बेडूक खातो, तर त्यांना हिरवा पाला द्या. मी बाजारातून मेथी आणली. ताजी, हिरवीगार, पानाला एक डाग नाही. धुतली आणि घातली.

सकाळी खोलीत आवाज नव्हता. क्रेट उघडला. सगळे मेले होते. मोठे, लहान, मुंगीएवढी पिल्लं, सगळी पाय वर करून मेथीच्या पानांवर.

त्या मेथीतली अर्धी जुडी आदल्या रात्री आम्ही खाल्ली होती, डाळ घालून.

मी ती उरलेली पानं पिशवीत घालून भाजीबाजारात गेले आणि मेथीवाल्या बाईला म्हटलं, "हे बघा." तिने पिशवीत वाकून बघितलं. "काय झालं, ताई? चांगली तर आहे. किडकी नाही." शेजारची दोन-तीन गिऱ्हाइकं जमली. मी सांगत होते की यावर बसलेले माझे रातकिडे मेले, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीची काळजी दिसत होती, मेथीविषयीची नाही. एका बाईंनी मला विचारलंही, "रातकिडे मेले तर चांगलंच ना?" आणि तीच मेथी घेतली, माझ्यासमोर, दोन जुड्या.

मी मग कुणाला काही सांगितलं नाही. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मेथी, राजगिरा आणि गाजरं लावली. माती जामनेरच्या गांडूळखतातली. पुण्याहून पुन्हा रातकिडे आणवले. उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या उन्हात माणूस टिकेना तिथे किडे कुठून टिकणार, म्हणून क्रेट खाली आमच्या कूलरच्या खोलीत आणला, आणि बेडकाचा डबाही. त्या किरकिरीत आम्ही दोघं झोपायला शिकलो. नवरा कधी कधी म्हणतो, बेडूक खातो ते किडे, किडे खातात तो पाला, पाल्याची माती, एवढं सगळं जपणारी तू घरात कांदे-बटाटे मात्र त्याच बाजारातून आणतेस. तो चिडवायला म्हणत नाही, म्हणून जास्त लागतं. दोन माणसांचं जेवण गच्चीवरच्या बादल्यांत पिकत नाही. बेडकाचं पिकतं.

भाद्रपदात एक दिवस लॅबमध्ये यादीतलं पुढचं नाव पुकारलं आणि समोर अक्का येऊन बसली. सांधेदुखीसाठी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. तिने बाही वर केली. मी रबर बांधलं. सुई टोचताना ती फक्त म्हणाली, "हळू."

काम आटोपल्यावर मी तिला घरी आणलं. जेवण झालं. बेडकाचा खायचा दिवस होता. तिने डब्याशेजारी खुर्ची ओढली आणि मी रातकिडा घोळवते, देते, हे सगळं बघत बसली. बेडकाने झडप घातली, एका बाजूने जराशी तिरकी.

"तोंड वाकडंच राह्यनं त्यानं," ती म्हणाली.

"हो."

मग तिने मला जे सांगितलं ते ती जमिनीकडे बघून सांगत होती. आवंदा दाजींनी फवारणीचं काम ड्रोनवाल्यांना दिलं होतं. पाठीवर पंप घेऊन फिरायला आता मजूर मिळत नाहीत, आणि ड्रोनचं काम झटपट होतं. दोन माणसं आली, यंत्र उडवलं. वांग्यावरून, कपाशीवरून. वळताना ते विहिरीकडे वळायला लागलं. अक्का तिथेच होती, घरच्या सरीत मिरच्या तोडत. तिने हात हलवला. ड्रोनवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. दाजी बांधावरून म्हणाले, "जाऊ दे वं, एवढासा तुकडा शे. आख्खं वावर एकसारखं व्हई जाई."

"मंग?" मी नकळत तिच्या बोलीत विचारलं.

"मंग काय. मी सरीमा मधोमध जाईसन हुभी राहिनू."

"आणि ड्रोन?"

"डोकावर घोंघावे." तिने हात डोक्यावर धरून दाखवला. "मी पदर बांधी लिधा तोंडले. म्हनं, मारा. मना आंगवर मारा आदी."

ड्रोनवाल्याने यंत्र खाली उतरवलं. बाईच्या अंगावर फवारायला तो काही तयार झाला नाही. दाजी सगळ्यांसमोर तिला नको ते बोलले. ती हलली नाही. ते लोक विहिरीकडचा तुकडा सोडून निघून गेले, तेव्हा ती सरीतून बाहेर आली आणि स्वयंपाकाला लागली. दाजी दोन वेळा घरी जेवले नाहीत. मग जेवले. गावात आता सांगतात की धाकटीचं वेड थोरलीलाही लागलं.

माझ्या अंगाचा भडका उडाला. दाजींनी चारचौघांत माझ्या बहिणीला बोलावं? मी म्हटलं, "अक्का, मी येते उद्या तुझ्याबरोबर. मला बोलायचंय दाजींशी. तोंडावर बोलते. आणि पारावर जाऊनही बोलते."

तिने पिशवीतून घरच्या सरीतली वांगी काढून माझ्या ओट्यावर ठेवली. हिरवी, आकाराने वेडीवाकडी, दोन-चारांना किड्यांनी भोकं पाडलेली. ती वांगी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नको येऊ. तू उनी का भांडन बेडूकनं व्हई जास. मी शे ना तठे."

तिचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मीच तयार केला आणि तिला एकटीलाच नरडाण्याच्या गाडीत बसवून दिलं.